एका गुणाचें अंतर

शाळेच्या पटांगणावर बास्केटबॉलचा सामना असला म्हणजे पालक मंडळी कौतुकानें येतात, आणि सामना संपल्यावर त्यांपैकीं कोणी ना कोणी आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात: "सर, शेवटचें एकच मिनिट राहिलें असें तुम्ही सांगितलेंत, मग तें संपावयास दहा मिनिटें कशीं लागलीं?" प्रश्न रास्त आहे. ज्यास ह्या खेळाचे नियम ठाऊक नाहींत त्यास शेवटच्या मिनिटांतील शिट्ट्या, थांबणें, पुन्हा सुरू होणें हा सारा वेळेचा अपव्यय वाटतो. वस्तुतः खेळाचें मर्म तेथेंच असतें. तें उलगडून सांगावें ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमच्या नांदेड-लातूरकडील माणसास कुस्ती कळते. जत्रेंतील फडांत पाठ मातीस लागली कीं निकाल लागला. घड्याळाकडे कोणी पाहत नाहीं. लातूर जिल्ह्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार ह्यांनीं १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, तेव्हांपासून तर ह्या भागांत कुस्ती हा घराघरांतील बोलण्याचा विषय आहे. खो-खोही आपणांस परका नाहीं. "एक डाव व तीन गुणांनीं" किंवा "दोन मिनिटें राखून" असे त्याचे निकाल वर्तमानपत्रांत आपण वाचतों. बास्केटबॉलमध्यें चितपट नाहीं आणि वेळ राखून जिंकणेंही नाहीं. चाळीस मिनिटें पुरीं खेळावींच लागतात, आणि घड्याळ शून्यावर येईल त्या क्षणीं ज्याचा एक गुण अधिक तो विजयी. वीस गुणांनीं पुढें असलेला संघ आणि एका गुणानें पुढें असलेला संघ ह्यांच्या पदरांत सारखाच विजय पडतो. बरोबरी झाली तर पांच मिनिटें अधिक, आणि पुन्हा बरोबरी झाल्यास पुन्हा पांच. अनिर्णित असा शब्द ह्या खेळाच्या कोशांत नाहीं.

हा खेळ एका शिक्षकानें वर्ग आवरण्यासाठीं शोधून काढिला, हें आमच्या विद्यार्थ्यांस ऐकून गंमत वाटेल. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वाय्. एम्. सी. ए., हिची एक अध्यापनशाळा होती. १८९१ सालच्या हिवाळ्यांत तेथील अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग कोणासच आवरेना. बाहेर कडाक्याची थंडी, आंत तीच ती कवाईत. तरुण मंडळी कंटाळून गेली होती. शाळेच्या शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर ग्युलिक ह्यांनीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या एका शिक्षकास चौदा दिवसांची मुदत देऊन घरांत खेळतां येईल असा नवा खेळ काढण्यास सांगितलें. नेस्मिथ मूळचे कॅनडाचे, धर्मशास्त्राचें शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनीं इमारतीच्या रखवालदाराकडे दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, पीच फळांच्या दोन टोपल्या मात्र होत्या. त्या टोपल्या सज्जाच्या कठड्यास खिळ्यांनीं ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आज साऱ्या जगांत रिंग दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर, असते. रखवालदाराजवळ खोकीं असतीं तर ह्या खेळाचें नांव काय पडलें असतें कोण जाणे!

त्या डिसेंबरांत पहिला सामना झाला. एका बाजूस नऊ, दुसऱ्या बाजूस नऊ, हातीं फुटबॉलचा चेंडू, आणि खेळ अर्ध्या तासाचा. एवढ्या वेळांत एकदांच चेंडू टोपलींत पडला. विल्यम चेस नांवाच्या विद्यार्थ्यानें तो दुरून फेंकिला होता. निकाल १–०. म्हणजे जगांतील पहिला बास्केटबॉलचा सामनाच विद्यालयीन होता, आणि तो एका गुणानें जिंकला गेला. पुढें सव्वा वर्षानें, २२ मार्च १८९३ रोजीं, त्याच प्रांतांतील स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन ह्या शिक्षिकेनें मुलींचा सामना ठेविला. पुरुष प्रेक्षकांस दार बंद होतें. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनीं पहिल्या वर्षाच्या मुलींस हरविलें, गुण ५–४. हा खेळ मुलींचा नव्हे असें अजूनही म्हणणाऱ्या पालकांनीं ही तारीख टिपून ठेवावी.

जातां जातां एक गोष्ट सांगतों. नेस्मिथ पुढें कॅन्सस विद्यापीठांत शिकवीत असत व तेथील संघ तेच तयार करीत. त्यांच्या कारकीर्दींत संघानें ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या मार्गदर्शकांत जिंकल्याहून अधिक सामने हरलेला असा एकच मनुष्य होऊन गेला, आणि तो ह्या खेळाचा जनक! १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकांत हा खेळ प्रथम समाविष्ट झाला, तेव्हां नेस्मिथ स्वतः उपस्थित होते. अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानावर भर पावसांत झाला आणि अमेरिकेनें कॅनडास १९–८ असें हरविलें. आपल्या पटांगणावर चिखल आहे अशी तक्रार करणाऱ्या खेळाडूंस आम्ही हा दाखला नेहमीं देतों.

मराठी मुलुखांत ह्या खेळाशीं मिशनचा संबंध जुना आहे. मुंबईच्या नागपाडा भागांत अमेरिकन मराठी मिशननें १९२७ सालीं नागपाडा नेबरहूड हाऊस ही संस्था काढिली. तिचे पहिले चालक क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनींच पुढें टाटांच्या समाजकार्य विद्यालयाची धुरा प्रथम वाहिली. नागपाड्याच्या दाट वस्तींत बास्केटबॉल असा रुजला कीं तेथील गल्लींतून अब्बास मुंतसिर ह्यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार निघाला. त्यांस १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मोठें मैदान नसलें तरी चालतें, एक खांब आणि एक कडें पुरतें, हा ह्या खेळाचा मोठा गुण आहे.

आतां त्या लांबलेल्या मिनिटाकडे वळूं.

प्रथम घड्याळ. फुटबॉलांत चेंडू बाहेर गेला तरी घड्याळ चालूच असतें; येथें पंचाची शिट्टी वाजली कीं तें थांबतें. शिवाय चौथ्या व शेवटच्या भागाच्या अखेरच्या दोन मिनिटांत टोपली झाली तरीही तें थांबतें. म्हणून पडद्यावरील एक मिनिट आणि तुमच्या मनगटावरील एक मिनिट हीं दोन निराळीं. दुसरा नियम चोवीस सेकंदांचा. चेंडू ज्याच्या हातीं आला त्या संघानें चोवीस सेकंदांच्या आंत टोपलीकडे फेंक केलीच पाहिजे, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. ह्या एका नियमामुळें पुढें असलेल्या संघास चेंडू घेऊन नुसतें फिरत बसतां येत नाहीं.

आतां समजा, चाळीस सेकंद उरले आहेत, एक संघ एका गुणानें पुढें आहे व चेंडू त्याच्याकडेच आहे. तो चोवीस सेकंद घालवील, पण उरलेले सोळा प्रतिपक्षास मिळतील. मागें असलेल्या संघानें अशा वेळीं धीर धरून रक्षण करावें, हें उत्तम. परंतु वीसच सेकंद उरले असले तर? पुढें असलेल्या संघास मग फेंक करण्याची गरजच राहत नाहीं. तो चेंडू खेळवीत वेळ संपवील. म्हणून मागें पडलेला संघ मुद्दाम फाऊल करितो. शिट्टी वाजते, घड्याळ थांबतें. एका भागांत संघाचे चार फाऊल झाल्यावर पुढच्या प्रत्येक फाऊलबद्दल प्रतिपक्षास दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे कोणाच्याही अडथळ्यावांचून रेषेवरून दोन फेंकी; प्रत्येकीचा एक गुण. त्या दोन्ही साधल्या तर अंतर तीन गुणांचें होतें, परंतु चेंडू मिळतो. एक चुकली तर दोनच. दोन्ही चुकल्या तर सोन्याहून पिवळें! असा हा सौदा आहे. आपण गुण देऊन वेळ विकत घ्यावयाचा. त्यांतच दोन्ही मार्गदर्शक टाइम-आऊट मागून घेतात, आणि पालकांचीं दहा मिनिटें जातात.

आमच्या वर्गांतील एका मुलीनें विचारिलें कीं नियम जाणूनबुजून मोडणें ही अप्रामाणिकता नव्हे काय? प्रश्न चांगला आहे, आणि नेस्मिथनेंही त्याचा विचार केला होता. त्याच्या मूळच्या तेरा नियमांत दुसरा फाऊल करणारा खेळाडू पुढील टोपली होईपर्यंत बाहेर बसे. इजा करण्याचा हेतू दिसला तर साऱ्या सामन्यापुरता तो बाहेर, आणि त्याच्या जागीं दुसरा घेतां येत नसे. आजही पांच फाऊल झाले कीं खेळाडू बाहेर जातो, आणि चेंडू सोडून अंगावर धावून केलेल्या फाऊलबद्दल फ्री थ्रोंशिवाय चेंडूही प्रतिपक्षासच मिळतो. आमचें मत असें: ज्या कृत्याची किंमत नियमांत उघड लिहिली आहे व जो ती सर्वांदेखत मोजतो, त्यास लबाड म्हणतां येणार नाहीं. पंचाची पाठ वळली असतां सदरा ओढणारा मात्र लबाड होय. त्या मुलीस हें उत्तर पुरतें पटलें नाहीं, आणि तें आम्हांस आवडलें.

ह्या सर्व गोष्टी एकाच ठिकाणीं पाहावयाच्या असतील तर २९ मार्च १९८२ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें झालेला अमेरिकेंतील महाविद्यालयीन अंतिम सामना पाहावा. त्याचें चित्रण आज कोणासही सहज पाहतां येतें. आम्हीं तें विद्यार्थ्यांबरोबर अनेकदां पाहिलें आहे व दर वेळीं शेवट माहीत असूनही हात घट्ट आवळले जातात. एका बाजूस नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, मार्गदर्शक डीन स्मिथ. त्यांचा संघ पूर्वी सहा वेळां शेवटच्या चारांत येऊनही विजेतेपदावांचून परतला होता. दुसऱ्या बाजूस जेझुइट पाद्र्यांनीं स्थापिलेलें जॉर्जटाऊन विद्यापीठ, मार्गदर्शक जॉन थॉम्प्सन. प्रेक्षक ६१,६१२. एवढी माणसें एका छपराखालीं बसून एक चेंडू पाहत होतीं.

जॉर्जटाऊनकडे सात फूट उंचीचा पॅट्रिक यूइंग हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. आरंभींच त्यानें प्रतिपक्षाचे चेंडू एकामागून एक हवेंतल्या हवेंत उडवून दिले. परंतु टोपलीकडे खालीं येऊं लागलेल्या चेंडूस रक्षकानें हात लावावयाचा नाहीं, असा नियम आहे. लाविल्यास टोपली झाली असें धरून गुण देतात. नॉर्थ कॅरोलायनाचे पहिले आठही गुण असेच यूइंगच्या हातून मिळाले. आमच्या दरांत कोणी येऊं नये असा धाक बसविण्याचा हा प्रकार होता असें जाणकार सांगतात, आणि तो धाक बसलाही असेल. तथापि सामन्याचा शेवट एका गुणानें झाला हें ध्यानांत ठेवून वाचकांनीं त्या आठ गुणांकडे पुन्हा एकदां पाहावें. त्यांतील एखादा चेंडू सोडून दिला असता तर तो कड्यास लागून बाहेर पडला नसता कशावरून?

पुढें चाळीस मिनिटें कोणताही संघ फार पुढें गेला नाहीं. त्या काळीं तेथील महाविद्यालयीन खेळांत फेंकीस वेळेचें बंधन नव्हतें आणि दुरून मारलेल्या टोपलीचे तीन गुणही नव्हते. प्रत्येक टोपली दोनांचीच. शेवटचे बत्तीस सेकंद उरले तेव्हां जॉर्जटाऊन ६२–६१ असें पुढें होतें. स्मिथ ह्यांनीं टाइम-आऊट घेतला. त्यांचा सर्वांत भरवशाचा खेळाडू जेम्स वर्दी. त्या दिवशीं त्यानें एकट्यानें २८ गुण केले. साहजिकच प्रतिपक्ष वर्दीभोंवतीं गर्दी करील, हें स्मिथ ह्यांनीं ओळखलें. आणि गर्दी एका बाजूस झाली म्हणजे दुसरी बाजू रिकामी राहते. त्या रिकाम्या बाजूस पहिल्या वर्षाचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता. चेंडू फिरत फिरत त्याच्याकडे आला, त्यानें डाव्या बाजूनें उडी घेऊन तो फेंकिला, आणि जाळी हलली. ६३–६२. त्या मुलाचें नांव मायकेल जॉर्डन. पुढें हें नांव जगास ठाऊक झालें. त्या क्षणापर्यंत तें फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

अद्याप पंधरा-एक सेकंद होते. चांगल्या संघास तेवढे पुष्कळ. थॉम्प्सन ह्यांनीं टाइम-आऊट घेतला नाहीं. प्रतिपक्षास रक्षण मांडण्यास अवसर मिळूं नये म्हणून असें करणें शहाणपणाचेंच असतें. चेंडू फ्रेड ब्राऊन ह्या खेळाडूच्या हातीं होता. त्याच्या उजव्या अंगास कोणीतरी उभें होतें. डोळ्याच्या कडेनें दिसलेली ती आकृति आपल्याच सोबत्याची असें समजून त्यानें चेंडू सहज तिकडे दिला. तो होता जेम्स वर्दी! वर्दी आपली जागा सोडून भलत्याच ठिकाणीं आला होता, आणि म्हणूनच तेथें त्याची अपेक्षा नव्हती. चेंडू घेऊन तो धावत सुटला. त्याच्यावर फाऊल झाला, दोन सेकंद उरले, आणि ज्यानें सामनाभर अचूक खेळ केला होता त्या वर्दीनें दोन्ही फ्री थ्रो चुकविले. शेवटीं जॉर्जटाऊनच्या फ्लॉइडनें दुरून फेंकिलेला चेंडू आंखूड पडला. एका मिनिटाच्या आंत दोन मोठ्या चुका झाल्या, एक ब्राऊनची व एक वर्दीची. लोकांच्या ध्यानांत एकच राहिली, कारण दुसरा जिंकलेल्या संघांत होता.

सामना संपतांच थॉम्प्सन ब्राऊनकडे गेले व त्या मुलास त्यांनीं छातीशीं धरिलें. तें छायाचित्र पुढें फार गाजलें.

हें आम्ही इतकें विस्तारानें लिहितों ह्याचें कारण आमच्या पटांगणावर आहे. चुरशीचा सामना हरला म्हणजे "कोणामुळें हरलों?" हा प्रश्न घरीं पोहोंचण्यापूर्वींच सुटलेला असतो, ज्याचा शेवटचा फ्री थ्रो चुकला त्याच्यामुळें! आमचा अनुभव असा कीं, मुलगा खेळ सोडतो तो पराभवामुळें क्वचितच. दुसऱ्या दिवशीं वर्गांत जें टोपणनांव पडतें त्यामुळें सोडतो. आणि कधीं कधीं तें नांव घरांतूनच शाळेंत येतें. आमच्याकडील पालकांस एका गुणाची किंमत सांगावी लागत नाहीं. लातूरच्या शिकवण्यांचा लौकिक साऱ्या महाराष्ट्रांत आहे; एका गुणानें प्रवेश हुकला अशीं घरें नांदेडांत व लातुरांत गल्लोगल्लीं सांपडतील. अशा घरांतील शहाणा बाप मुलास असें म्हणत नाहीं कीं तुझा शेवटचा प्रश्न चुकला म्हणून हें झालें. तो साऱ्या उत्तरपत्रिकेकडे पाहतो. मग सामन्याचा हिशेब करितांना तोच बाप पहिले आठ गुण कां विसरतो? आमच्या गुणपत्रकावर पहिल्या भागांतील चुकलेले फ्री थ्रो आम्ही लाल शाईनें लिहून ठेवितों, तें एवढ्याचसाठीं.

नववींत पाऊल टाकतांच मुलांस मैदानावरून काढून घेण्याची जी चाल आमच्याकडे पडली आहे तिच्याविषयीं स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथें एवढेंच कीं, बोर्डाच्या परीक्षेंत खेळाडूंस मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांची चौकशी करावयास येणारे पालक सराव पाहावयासही एखाद्या सकाळीं यावेत. उन्हाळ्यांत आम्ही सूर्योदयापूर्वींच सुरुवात करितों.

मुलींचें उदाहरण हवें असल्यास दूर जावयास नको. जुलै २०१७ मध्यें बंगळूर येथें आशिया चषकाच्या दुसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्यांत भारतीय महिलांनीं कझाकस्तानचा ७५–७३ असा पराभव केला व पहिल्या विभागांत स्थान मिळविलें. त्या संघांत पुण्याची शिरीन लिमये होती. पुढें ती भारताची कर्णधारही झाली. दोन गुण म्हणजे एक टोपली. चाळीस मिनिटें धावून दोन देशांत तेवढेंच अंतर उरलें.

फ्रेड ब्राऊनचें पुढें काय झालें, हें मुलें आम्हांस नेहमीं विचारतात. त्यानें खेळ सोडला नाहीं. दोन वर्षांनीं, एप्रिल १९८४ मध्यें, जॉर्जटाऊन पुन्हा अंतिम सामन्यांत आलें. ब्राऊनचें तें कॉलेजांतील शेवटचें वर्ष होतें. ह्या वेळीं त्यांनीं ह्यूस्टन विद्यापीठास ८४–७५ असें हरविलें, आणि थॉम्प्सन हे ती स्पर्धा जिंकणारे पहिले कृष्णवर्णी मार्गदर्शक ठरले. सामना संपल्यावर त्यांनीं ब्राऊनला पुन्हा मिठी मारली. अंतर नऊ गुणांचें होतें. त्या दिवशीं शेवटचें मिनिट लवकर संपलें.